चार वाजून बावीस मिनिटं

६ जून २०००, मंगळवार

औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली ही डायरी पाच महिने कपाटात कोरी पडून होती. आज उघडली. घरी सांगावं तर हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, आणि न सांगावं तर माझ्या पोटात राहत नाही.

आज आमच्या औषधभांडारात संगणक आला. रुग्णालयाच्या तीनही मजल्यांवर एकेक आणि तळमजल्यावर माझ्याकडे एक. बावीस वर्षं मी हे भांडार वहीवर चालवलं, एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. तरी वरच्यांना वाटलं की मंदाकिनीबाईंना यंत्राची गरज आहे. असेल बाबा.

बसवायला कोथरूडच्या कंपनीचा अभय नावाचा इंजिनियर आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. मुलगा गुणी आहे, पण बोलतो ते अर्धं समजतं. यंत्र चालू केलं तर पडद्यावर तारीख १ जानेवारी १९८०! म्हटलं, अहो, तेव्हा मी इथे नुकती कायम झाले होते. तो टेबलाखाली वायरींत शिरला होता, तिथूनच ओरडला, "मॅडम, आतला सेल वीक आहे. मशीन बंद केलं की डेट-टाइम उडणार. सध्या तुम्ही टाकून घ्या." मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून टाकली. पहिल्या प्रयत्नात जमलं, कुणाला विचारावं लागलं नाही.

ते घड्याळ आम्ही पहिल्यापासून दहा मिनिटं पुढेच ठेवतो. भांडार झाडणाऱ्या वेणूबाईंना हडपसरची पाच पाचची बस मिळायला हवी, आणि बंद होता होता खिडकीवर येणाऱ्यांना शिस्त लागायला हवी. आमच्या घरचंही पुढेच आहे. कुणाच्या घरचं नसतं?

९ जून, शुक्रवार

चारही संगणक वायरने जोडले. आता वॉर्डातल्या सिस्टरने वर मागणी टाकली की माझ्या पडद्यावर दिसते, मी औषध दिलं की त्यांना दिसतं. हे मात्र छान आहे, खोटं कशाला बोला.

अधीक्षक डॉ. उपासनी यांचं परिपत्रक आलं. यापुढे केसपेपरवर आणि वहीत कुणीही हाताने वेळ लिहायची नाही, वेळ संगणक टाकेल. हाताने लिहिलेल्या वेळा 'सोयीनुसार' असतात म्हणे. हे अगदी खरं आहे. रात्रपाळीच्या वेळा सकाळी चहा पिताना एकदम लिहिलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

आमचं यंत्र मी बंद करत नाही. पुन्हा १९८० यायला नको. संध्याकाळी फक्त पडदा बंद करते.

२६ जून, सोमवार

वॉर्डातल्या बायकांनी वात आणला आहे. आज अभयने महिन्याच्या नोंदींचा कागद काढला, तर त्यात सलाइनची बाटली तिसऱ्या मजल्यावर पोहोचली दोन चाळीसला आणि माझ्याकडून निघाली दोन सेहेचाळीसला! एकदा नाही, पानभर हेच. मी म्हटलं, वर काय चाललंय ते त्यांना विचारा, माझ्याकडची नोंद मी देतानाच करते. तिसऱ्या मजल्याच्या मुख्य सिस्टर म्हणाल्या, आम्हीही घेतानाच करतो. मग बाटलीनेच काहीतरी केलं असेल!

अभयने समजावलं ते असं. प्रत्येक संगणकाच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं, आणि कुठलीही दोन घड्याळं सारखी चालत नाहीत. रोज सेकंद-दोन सेकंद कुणी पुढे जातं, कुणी मागे राहतं. म्हणून एकाला मुख्य मानायचं आणि बाकीच्यांनी त्याला वेळ विचारत राहायचं. हा मुख्य संगणक, सर्व्हर म्हणतात त्याला, आमच्या चारांखेरीज पाचवा, उपासनी सरांच्या खोलीशेजारी आहे. अभयने तशी व्यवस्था करून टाकली. सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी मशीन एकदा बंद करून चालू करा. चालू होताना ते आपोआप सर्व्हरचा टाइम घेईल."

२७ जून, मंगळवार

सांगितल्याप्रमाणे सकाळी बंद करून पुन्हा चालू केलं, १९८० नको म्हणून फक्त पडदा. काही फरक वाटला नाही. म्हणजे माझी वेळ आधीपासूनच बरोबर होती.

११ जुलै, मंगळवार

आज वाईट झालं.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर वाघोलीचे सोनबा म्हणून एक म्हातारे होते, हृदयाचे रुग्ण, त्यांना अचानक धाप लागली. वॉर्डातल्या पेटीतलं इंजेक्शन संपलेलं. नम्रताने संगणकावर मागणी टाकली आणि खाली माझ्याकडे आली. नम्रता बिसेन, तिथली सिस्टर, गोंदियाकडची, दीड वर्ष झालं लागून. पोर इतकी धापा टाकत होती की तिला औषधाचं नाव सांगता येईना. एका पायात चप्पल नव्हती. मी पडद्यावर नाव वाचलं, इंजेक्शन दिलं, नोंद केली. ती तशीच पळाली. वेणूबाई तिची चप्पल जिन्यावरून उचलून मागे गेल्या.

चार चाळीसला म्हातारे गेले.

वेणूबाई म्हणाल्या, "बाई, पोरगी जिन्यावर बसून रडतीय." मी वर जाऊन तिला पाणी दिलं. ती मला ताई म्हणते. माझ्या हाताला धरून म्हणाली, "ताई, मी तं पळतच आली." मी म्हटलं, हो गं बाई, पाहिलं मी.

१४ जुलै, शुक्रवार

म्हाताऱ्यांच्या मुलाने, मच्छिंद्रने, तक्रार केली आहे. बाप तडफडत होता आणि इंजेक्शन यायला वेळ लागला, असं त्याचं म्हणणं. उपासनी सरांनी दोन्ही संगणकांवरच्या नोंदी काढायला लावल्या.

वॉर्डातली मागणी: चार वाजून दहा मिनिटं.
भांडारातून दिलं: चार वाजून बावीस मिनिटं.

बारा मिनिटं! तीन मजले उतरायला दोन मिनिटं लागतात, चालत आलं तरी तीन. मी कागद चार वेळा वाचला. मागणी टाकल्या टाकल्या निघाले, असं नम्रताने लेखी दिलंय. वॉर्डातले डॉक्टर म्हणतात, मी पेशंटवर होतो, घड्याळ कोण बघतंय, पण फार वेळ गेल्यासारखं वाटलं खरं. बापरे, मग ही मधली दहा मिनिटं कुठे होती?

मी भांडारात आल्यावर मोठ्याने म्हटलं, चार बावीस कसे होतील? मग आठवलं, इंजेक्शन देताना मी भिंतीकडे पाहिलं होतं. चार वीसच्या पुढेच काटा होता. म्हणजे कागद बरोबर आहे. वेणूबाई फडकं घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, "पण बाई, आपलं घड्याळ तर..." मी म्हटलं, वेणूबाई, आधी कपाटाखालचा केर काढा, तीन दिवस दिसतोय. आधीच डोकं फिरलेलं, त्यात यांचं पुराण.

१७ जुलै, सोमवार

आज नम्रताला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "मधे कुठे थांबली होतीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठेच नाही ताई. काहून असं विचारता?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर टेलिफोन आहे. कुणाचा फोन होता?"

"कुणाचा?"

"गेल्या महिन्यात मंडईत मी तुला एका मुलाबरोबर पाहिलं होतं."

"तो माझा भाऊ होता, ताई. परीक्षेला आला होता." मग म्हणाली, "तुमच्यासमोरच तं आली मी."

मी म्हटलं, फक्त शेवटचा जिना पळत उतरला तरी माणसाला धाप लागतेच. हे वाक्य मी बोलले. तेव्हा मला ते फार मुद्द्याचं वाटलं. आता लिहिताना तितकं वाटत नाही. पण कागद खोटं कसं बोलेल? कागदाला काय पडलंय नम्रताचं?

काही कळत नाही. डोळे एक सांगतात आणि आकडा दुसरंच. माझे डोळे पंचावन्न वर्षांचे आहेत आणि संगणक एका महिन्याचा. दोघांत कुणाचं ऐकायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

२० जुलै, गुरुवार

चौकशी झाली. टेबलापलीकडे उपासनी सर, ट्रस्टचे दोघं आणि वकील. अभयलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "सर, सगळे नोड्स, म्हणजे सगळी मशीन्स, सिंकमध्ये आहेत. सगळ्यांचा टाइम सर्व्हरवरून येतो." तसं त्याने लिहूनही दिलं.

मग माझी पाळी.

वकिलांनी विचारलं, "तुमच्या संगणकावरची वेळ बरोबर होती, याची खात्री आहे?"

मी म्हटलं, "सगळ्यांची वेळ एकाच ठिकाणाहून येते. शिवाय मी त्या क्षणी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली आहे."

"उत्तम," उपासनी सर म्हणाले. ते सहसा कुणाला उत्तम म्हणत नाहीत. बावीस वर्षांत मला पहिल्यांदाच म्हणाले.

"सिस्टर बिसेन पळत आल्या, असं त्या म्हणतात. तुम्ही पाहिलंत?"

"माझ्या दारात आली तेव्हा पळत होती. त्याआधीचं मी कसं सांगणार?"

यात एक अक्षर खोटं नाही. मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं, खोटं नाहीच. नम्रता समोरच्या खुर्चीत बसली होती. माझं संपल्यावर तिने मान खाली घातली, तोवर वर होती.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग तुला जेवण का जात नाहीये?" म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय.

२४ जुलै, सोमवार

नम्रताला कामावरून काढलं. नर्सिंगच्या परिषदेला कळवणार आहेत, म्हणजे तिला दुसरीकडेही कुणी घेणार नाही. नोंदणीच गेली तर मग काय राहिलं? चार वर्षं शिकली त्यासाठी. शनिवारीच गाडीत बसली म्हणे. मला भेटली नाही. का भेटेल?

मुख्य सिस्टर म्हणाल्या, "तिकडच्या मुलींचं असंच असतं, जरा निवांत." मी म्हटलं, तिकडच्या म्हणजे कुठच्या? तुमच्या मजल्यावरचा नऊचा राउंड साडेनऊला निघतो, तो कुठल्या मुलींमुळे? त्यांना राग आला. येऊ दे. पण मला स्वतःचं नवल वाटलं. चौकशीत तोंड शिवलं होतं आणि इथे एवढी जीभ आली कुठून?

२ ऑगस्ट, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

सकाळी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ संगणकाला तगवणारी टेबलाखालची बॅटरीची पेटी नुसती ट्यँ करून मेली. जूनपासून पहिल्यांदा आमचं यंत्र बंद पडलं. मी घाबरले, आता १९८० येणार. पण वीज आल्यावर चालू केलं तर तारीख वेळ व्यवस्थित. म्हटलं, चला.

मग दुसऱ्या मजल्याची मागणी आली, ती दिली, पावती छापली. फाईलला लावताना पाहिलं. वीज जाण्याआधीची पावती अकरा पाचची. नंतरची दहा अठ्ठावन्नची.

आधी दिलेलं नंतर झालं आणि नंतर दिलेलं आधी! दोन्ही माझ्या हातच्या, मधे फक्त वीज गेलेली. मी भिंतीवर पाहिलं, अकरा वाजून आठ. पडद्यावर दहा अठ्ठावन्न. संगणक बिघडला म्हणून मी अभयला फोन केला. तो दुपारी आला. दोन्ही पावत्या बघून त्याने विचारलं, "मॅडम, याआधी हे मशीन बंद कधी केलं होतं?"

"कधीच नाही. पडदा करते."

"पडदा म्हणजे मॉनिटर? मी त्या दिवशी सांगितलं होतं, मशीन बंद करून चालू करा..."

"केला की. पडदा."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मॅडम, मॉनिटर बंद केला तरी मशीन आत चालूच असतं. सर्व्हरचा टाइम ते चालू होतानाच घेतं. म्हणजे आज पहिल्यांदा घेतला. आजपर्यंत तुम्ही पहिल्या दिवशी टाकलेलाच टाइम चालत होता." मग थांबून त्याने विचारलं, "तो कुठे बघून टाकला होता?"

मी भिंतीकडे पाहिलं. वेणूबाई दारात उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "ते दहा पुढं हाय की. बाईंनीच लावलंय."

चार बावीसमधून दहा वजा केले की चार बारा. तीन मजले, दोन मिनिटं.

अगं आई गं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मघाशी लिहायचं टाळलं ते लिहिते. अभय गेल्यावर आणि वेणूबाई चहाला गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. का केलं, मला खरंच सांगता येत नाही. चूक दुरुस्त करायची म्हणून, असं म्हणावंसं वाटतं. पण मी आधी दाराकडे पाहिलं होतं. चूक दुरुस्त करताना कुणी दाराकडे बघतं का?

आता संगणक बरोबर आहे, घड्याळ बरोबर आहे. कुठेच काही चुकलेलं नाही.

३ ऑगस्ट, गुरुवार

वेणूबाईंची काल बस चुकली. सकाळी आल्या त्याच चिडून. "घड्याळाला कुणी हात लावला?"

म्हटलं, "मी."

झाडू घेतला, निम्मं भांडार झाडलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी त्या दिवशी सांगत होते, तर तुम्ही मला केर काढाया लावला."

दुपारी अभयचा फोन. आवाज पडलेला. "मॅडम, सिंकमध्ये आहे असं मी लिहून दिलंय. प्रत्येक मशीन जाऊन चेक केलं नव्हतं. हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल." मग म्हणाला, "आता तर सगळं बरोबरच चाललंय ना?"

त्याचा राग आला आणि कीवही आली. काल स्टुलावर चढून मी हेच तर म्हटलं होतं. म्हटलं, "अभय, तू मला बंद करायला सांगितलंस, ते मी चुकीचं केलं. पण झालं की नाही हे बघायला तू तळमजल्यावर उतरला नाहीस." तो हो म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

५ ऑगस्ट, शनिवार

दोन दिवस मनाशी वकिली चालली आहे. म्हातारे तसेही वाचले नसते, डॉक्टरच म्हणतात. नम्रताला तिकडे कुठेतरी छोट्या दवाखान्यात काम मिळेलच. माझी तीन वर्षं राहिली आहेत. भांडारात आजवर एक ठपका नाही. हे सगळं लिहून वाचलं तर एकेक वाक्य पटतं, आणि सगळी एकत्र वाचली की माझीच मला लाज वाटते.

यांना सगळं सांगितलं. यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं, म्हणजे ऐकलं असावं. म्हणाले, "सोमवारी इस्त्रीची साडी नेस. साहेबांसमोर जायचंय तर."

७ ऑगस्ट, सोमवार

गेले. त्या दोन पावत्या, अकरा पाचची आणि दहा अठ्ठावन्नची, आणि माझं पत्र घेऊन. पत्रात सगळं लिहिलं. भिंतीवरचं घड्याळ, पडदा, स्टूल, सगळं. स्टूल लिहायचं की नाही यावर सकाळचा अर्धा तास गेला.

उपासनी सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मंदाकिनीबाई, तुम्ही समितीसमोर सांगितलंत की घड्याळाशी ताडून पाहिलं."

"पाहिलं होतं. चुकीचं घड्याळ चुकीच्या घड्याळाशी ताडून पाहिलं."

"मी त्या नातेवाइकांना लेखी कळवून बसलोय."

"मीही लेखीच आणलंय, सर."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आता चौकशी तुमच्यावर येईल. कल्पना आहे?"

"येऊ दे. पण ते परिषदेचं पत्र आज मागे घ्या. उद्या नको."

"आपण मला वेळ घालून देताय?"

"हो," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे. पण दुपारी त्यांच्या लेखनिकाने सांगितलं, परिषदेचं पत्र मागे घेतलं. सोबत नम्रताला परत घ्यायचाही आदेश. मला आजपासून भांडारातून हलवून तळघरात जुन्या केसपेपरांवर नेमलं. मी किल्ल्या दिल्या तेव्हा वेणूबाई रडल्या. मी नाही रडले, निदान त्यांच्यासमोर.

९ ऑगस्ट, बुधवार

मच्छिंद्र आला होता. सरांनी त्याला नवं पत्र दिलं, त्याला ते कळेना, म्हणून कुणीतरी खाली माझ्याकडे पाठवला. मी समजावलं. संगणक, घड्याळ, दहा मिनिटं. तो कान देऊन ऐकत होता. वाटलं, आता ओरडेल, फाईल भिरकावेल, मी तयार होते.

"म्हंजे बाई, ती पोरगी टायमावर आलती?"

"हो."

"तिनं उशीर नव्हता केला?"

"नाही. पळत आली होती."

तो बाकावर बसला. मग म्हणाला, "मंग माझा बा कशानं गेला?"

मला वाटलं होतं खरं सांगितलं की सगळ्यांचं सुटेल. त्याच्याकडे निदान रागवायला कुणीतरी होतं, तेही मी काढून घेतलं. पाणी विचारलं, तर नको म्हणाला. त्याला फाटकापर्यंत सोडून आले. एवढंच सुचलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

नम्रताच्या घरी फोन नाही. तिच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर कार्यालयातून मिळाला. एसटीडी बूथवरून लावला. दुकानदार म्हणाला, बोलावतो, पाच मिनिटांनी करा. पुन्हा केला तेव्हा तीच होती.

मी तयारी करून गेले होते. घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, यंत्राला मुख्य संगणकाची वेळ कधी मिळालीच नाही, आता सगळं उघड झालं, सोमवारपासून कामावर ये. एका दमात बोलले.

मग ती म्हणाली, "म्हणजे आता इंजिनियरनं सांगितलं म्हणून मी खरी?"

मी म्हटलं, तसं नाही गं.

"मग कसं, ताई?"

बूथमधल्या यंत्रावर लाल आकडे पळत होते, मी नुसती बघत राहिले. तिनेच पुढे विचारलं, "आणि घड्याळ बरोबर असतं तं?"

"नम्रता, मी चुकले," मी म्हटलं. "त्या दिवशी दार लावून तुला जे विचारलं, ते विचारायलाच नको होतं." बोलताना मी पदराने डोळे पुसले. बूथवाला माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

तीही रडत असावी. मग नाक पुसून स्पष्ट म्हणाली, "मी येते. मला काम करायचं आहे. पण बाबा माझ्याशी बोलत नाहीत. रुग्णालयाचं पत्र त्यांनी वाचलं आहे. ते म्हणतात, छापील कागद खोटं कशाला बोलेल. तुम्ही त्यांना लिहा ताई. कार्यालयानं नाही. तुम्ही, तुमच्या हातानं."

१३ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून तीन पत्रं फाडली. पहिल्यात संगणकाचं वर्णनच दीड पान झालं. दुसऱ्यात माझी बावीस वर्षांची सेवा आली, तिचा तिथे काय संबंध? तिसऱ्यात माफी इतक्या वेळा मागितली की वाचणाऱ्याला माझंच वाईट वाटावं. ते नको होतं.

चौथं लिहिलं, ते पाकिटात घालून यांच्याकडे टाकायला दिलं. मजकूर इथे उतरवून ठेवते.

श्री. बिसेन यांस,
सप्रेम नमस्कार.
आपली मुलगी त्या दिवशी तीन मजले पळत उतरली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मी समितीपुढे सांगितलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं.
आपली,
मंदाकिनी